प्रश्न तुमचे: मोटरच्या प्लेटवरचा ॲम्पिअर

या वेळच्या टपालात मोटरच्या नेमप्लेटचे फोटो भरपूर आले. निम्म्यांवर ग्रीस, उरलेल्यांवर रंग. यंत्र रंगवताना प्लेटवरही ब्रश ओढणाऱ्या माणसाबद्दल मला आजवर कधी प्रेम वाटलेलं नाही. मिरजेत आमचं वायंडिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, डिप्लोमा झाल्यावर टेस्ट बेंच माझ्याकडे आला. जळालेली मोटर टेम्पोतून उतरली की मी आधी प्लेट वाचते आणि मग विचारते, स्टार्टरची रिले (करंट ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की मोटर बंद पाडते ती) कितीवर लावली होती? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते वायरमनला माहीत." पत्रांचा रोख करंटवरच होता, म्हणून आज दुसरं काही घेतलेलं नाही.

प्रश्न : ताई, माझ्या विहिरीवर ५ एचपीची ओपनवेल पाणबुडी मोटर आहे. विहीर ४० फूट, आणि पाणी काठापासून २५ फूट वर रानात चढवतो. प्लेटवर ८ ॲम्पिअर आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं असताना टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजतात तो) ७.४ दाखवत होता. आता विहीर काठोकाठ भरली, तर तोच ९.१ दाखवतोय. व्होल्टेज तेव्हाही ४१० च्या आसपास होतं, आताही आहे. पाणी वर आलं म्हणजे मोटरचे कष्ट कमी व्हायला पाहिजेत ना? दुकानदार म्हणतो मोटर कमजोर झाली, बदला. (शेतकरी, पलूस)

उत्तर : बदलू नका. मोटर ठणठणीत आहे. पंपाच्या अंगावर काम जास्त पडलंय, एवढंच.

आधी प्लेट वाचू. फोटोत दिसतं ते असं : ३.७ किलोवॅट, ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, ८ ॲम्पिअर. हे पाच आकडे सुटे नाहीत, मिळून एकच वाक्य आहे. चार्शेपंधरा व्होल्ट आणि पन्नास हर्ट्‌झ मिळत असताना मोटरनं शाफ्टवर ३.७ किलोवॅट काम दिलं, तर तिन्ही वायरींतल्या प्रत्येकीतून ८ ॲम्पिअर जातील. प्रत्येकीतून, तिघींचे मिळून नव्हेत. आणि ३.७ किलोवॅट हे मोटर बाहेर देते ते काम आहे. तारेतून आत येणारी वीज याहून जास्त, तुमच्या मोटरला फुल लोडवर साधारण ४.६ किलोवॅट. अधलं मधलं सगळं उष्णता होऊन पाण्यात जातं.

मोटर मात्र प्लेट वाचून करंट घेत नाही. शाफ्टवर जितकं ओझं येईल तितका ओढते. ५ एचपीच्या मोटरला ६ एचपीचं काम लावलं तरी ती नाही म्हणत नाही. करते, तापते आणि एक दिवस माझ्याकडे येते.

आता तुमचा पंप. सेंट्रिफ्युगल पंपाला पाणी जितकं उंच चढवायचं तितकं ते कमी येतं, आणि उंची कमी झाली की पाणी धो धो येतं. जास्त पाणी फेकायचं म्हणजे या जातीच्या पंपाला जास्त ताकद लागते. उन्हाळ्यात तुमची चढण पाइपातलं घर्षण धरून २२-२३ मीटर होत होती. आता विहिरीतले १२ मीटर जवळजवळ गायब झाले, राहिले ११-१२ मीटर. पंपाच्या प्लेटचा दुसरा फोटो पाठवलात हे बरं केलंत. त्यावर 'हेड १८ ते ३० मीटर', म्हणजे चढणीची हद्द, स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सध्या तुमचा पंप त्याच्या हद्दीबाहेर चालतोय. पाणी नेहमीपेक्षा जास्त पडतंय हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

उपाय फुकट आहे. डिलिव्हरीला गेट व्हॉल्व्ह असेल तर मोटर चालू ठेवून तो हळूहळू आवळा. टाँग टेस्टर ८ च्या खाली, साडेसातपर्यंत आला की थांबा आणि चाकावर खूण करून ठेवा. व्हॉल्व्ह बंद करत नेला की करंट उतरतो यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. पण अगदी बंद ठेवून चालवू नका, आतलं पाणी तापेल. आणि ही युक्ती पिस्टनच्या पंपाला लावायची नाही. तिथं व्हॉल्व्ह आवळला की करंट वाढतो आणि पुढं काहीतरी फुटतं.

प्रश्न : माझी पिठाची गिरणी आहे. मोटर १० एचपी, प्लेटवर १४ ॲम्पिअर, स्टार-डेल्टा स्टार्टर. जुन्या वायरमननं रिले ८ वर लावून दिली होती. हल्ली दिवाळीच्या गर्दीत दुपारनंतर ट्रिप होते. नवा वायरमन म्हणतो, "मोटर १४ ची आणि रिले ८ वर, ट्रिप होणारच. ९ ते १५ ची रिले आणा, १४ वर लावून देतो." मेहुणेही तेच म्हणतात. काय करू? (गिरणीमालक, विटा)

उत्तर : रिले आणू नका. जुन्या वायरमनला चहा पाजा.

या एका गोष्टीपायी आमच्या दुकानाला जेवढं काम मिळतं तेवढं बहुधा दुसऱ्या कशानं मिळत नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत हलकेच सुरू करतो आणि मग डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर नेतो. त्याच्यापासून मोटरपर्यंत सहा वायरी जातात. मोटर डेल्टात चालू लागली की लाईनमधून आलेला १४ ॲम्पिअर करंट दोन वाटांनी वायंडिंगमध्ये शिरतो. काही मेन काँटॅक्टरमधून, काही डेल्टा काँटॅक्टरमधून (काँटॅक्टर म्हणजे स्टार्टरमधला विजेनं ओढला जाणारा स्विच). त्यामुळे प्रत्येक वाटेवर १४ नसतात. १४ भागिले १.७३२, म्हणजे ८.१ असतात. सातच्या ऐवजी आठ का, असं विचाराल. दोन्ही वाटांवरचे करंट एकाच क्षणी टोकाला पोचत नाहीत, म्हणून साधी बेरीज लागू पडत नाही. पाठच करायचं तर प्लेटवरच्या आकड्याला ०.५८ नं गुणा.

आपल्याकडच्या बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरांत रिले मेन काँटॅक्टरच्या खालच्या बाजूला लटकवलेली असते. म्हणजे ती एकाच वाटेवर बसली आहे आणि तिला ८.१ च दिसतात. तिथं ती १४ वर लावली, तर वायंडिंगमधून १४ गेल्याशिवाय ती हलणार नाही. वायंडिंगमध्ये १४ म्हणजे लाईनमध्ये २४. दहा एचपीची मोटर २४ ॲम्पिअरवर चालत राहिली, तर मला तिच्या टोपणाखालचा वास इथूनच येतो.

मात्र काही पॅनेलवाले रिले आधीच, दोन्ही काँटॅक्टरांना फाटे फुटण्यापूर्वी, येणाऱ्या लाईनमध्ये बसवतात. तिथं पूर्ण १४ लावणं बरोबर. म्हणून आकड्यावर वाद घालण्याआधी स्टार्टर उघडून रिले कुठं बसलीय ते बघा. खात्री करायची तर गिरणीत गहू चालू असताना, जाणत्या माणसाकडून, टाँग टेस्टर एकदा स्टार्टरमध्ये येणाऱ्या वायरीला लावून घ्या आणि एकदा रिलेखालून निघणाऱ्या वायरीला. पहिला आकडा १३.५ आणि दुसरा ७.८ च्या जवळ आला, तर रिले वाटेवर आहे. दोन्ही सारखे आले, तर लाईनमध्ये आहे. स्टार्टर उघडा, लाईन चालू, हे काम हौसेनं करायचं नाही.

राहता राहिलं, ट्रिप का होते. रिले खरं बोलत असावी. आखून दिलेल्या करंटच्या वीस टक्के वर गेलं की थर्मल रिलेनं दोन तासांच्या आत सुटावं, असा नियमच आहे. सकाळी ठीक, दुपारनंतर ट्रिप, याचा अर्थ ओझं थोडंसंच जास्त आहे, पण सलग आहे. दगडांना टाकी कधी लावलीत? दगड बोथट झाले की पीठ जाड पडतं, गिऱ्हाईक कुरकुरतं, मग तुम्ही दगड आवळता, आणि प्रत्येक आवळणीला करंट चढतो. दिवाळीला अनारशाचे ओलसर तांदूळ आणि चकलीची भाजणी एकामागून एक येतात, तेव्हा तर विचारूच नका. आधी टाकी लावून घ्या, पट्टा फार ताणलाय का बघा, मोटरच्या मागच्या पंख्याच्या जाळीतलं पीठ झाडा. (त्या जाळीत साठलेल्या पिठाची भाकरी होईल अशा गिरण्या मी पाहिल्या आहेत.) एवढं करूनही लाईनमध्ये १४ च्या वर जात असेल, तर मोटर तुमच्या धंद्याला लहान पडते. त्याला रिले काय करणार?

प्रश्न : आम्ही जुनं जर्मन लेथ घेतलं. मोटरच्या प्लेटवर २२०/३८० व्होल्ट आणि १५.१/८.७ ॲम्पिअर, ४ किलोवॅट, असं आहे. यातला आपला करंट कोणता? (वर्कशॉप, शिरोली)

प्रश्न : अमेरिकेतून आलेल्या काँप्रेसरवर २३०/४६० व्होल्ट, २५/१२.५ ॲम्पिअर, १० एचपी, ६० हर्ट्‌झ, १७५० आरपीएम, एस.एफ. १.१५ आहे. ४१५ वर थेट जोडू का? (कारखानदार, चाकण)

उत्तर : दोघांना एकत्र उत्तर देते, कारण गंमत आकड्यांच्या भागाकारात आहे. १५.१ ला ८.७ नं भागा, १.७३ येतात. म्हणजे ही मोटर डेल्टात २२० ची आणि स्टारमध्ये ३८० ची. २५ ला १२.५ नं भागा, नेमके २ येतात. म्हणजे इथं स्टार-डेल्टाचा संबंध नाही. आतल्या वायंडिंगचे दोन भाग समांतर जोडले की २३० आणि एकापुढं एक जोडले की ४६०. अशा मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये बहुधा नऊ वायरी सापडतील.

शिरोलीकर, तुमची मोटर आपल्या लाईनवर स्टारमध्येच जोडायची. डेल्टात जोडली तर २२० च्या वायंडिंगवर ४१५ येतील आणि ती पुरता वेग घेण्याआधीच संपेल. स्टार-डेल्टा स्टार्टरही हिला चालणार नाही, थेट स्टार्टर लावा. रिले ८.७ वर. आपलं व्होल्टेज ३८० पेक्षा नऊ टक्के जास्त आहे, तेव्हा रिकामी चालतानाही ती अपेक्षेपेक्षा जास्त करंट घेईल आणि गरम राहील. लेथचं काम थांबत थांबत चालतं म्हणून निभेल. पण रात्रपाळीला तुमच्याकडे व्होल्टेज ४३० च्या वर चढत असेल, तर तिथं मी हात वर करते.

चाकणकर, तुम्ही थेट जोडू नका. मोटरच्या लोखंडाला व्होल्ट आणि हर्ट्‌झ यांचं प्रमाण सोसावं लागतं. प्लेटवर ४६० भागिले ६०, म्हणजे ७.६७. आपल्याकडे ४१५ भागिले ५०, म्हणजे ८.३. आठ टक्के जास्त चुंबकत्व सलग दहा तास, काँप्रेसरच्या मोटरला, मी देणार नाही. ट्रान्सफॉर्मरनं ३८० च्या आसपास आणा म्हणजे प्रमाण जुळेल. किंवा ड्राइव्ह (व्होल्ट आणि हर्ट्‌झ दोन्ही बदलून देतो तो) लावा आणि त्यात मोटर ४६० व्होल्ट, ६० हर्ट्‌झची म्हणून भरा. ड्राइव्हला ४१५ च्या वर देता येणार नाही, पण ५४ हर्ट्‌झपर्यंत प्रमाण बरोबर राहील. ५० हर्ट्‌झवर वेग १७५० वरून साधारण १४५० वर येईल आणि त्याच प्रमाणात १० एचपीचे सव्वाआठ होतील. त्या १.१५ च्या सर्व्हिस फॅक्टरवर डोळा ठेवू नका. पंधरा टक्के जास्त ओझं उचलेन, हे तिचं बोलणं ४६० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ मिळतील या अटीवर आहे. आपल्या लाईनवर तो आकडा नाहीच असं समजा.

प्रश्न : मी आयटीआयला आहे. रसवंतीच्या ५ एचपी मोटरचा पट्टा काढून मोजलं तर ३.२ ॲम्पिअर आले, प्लेटवर ७.५ आहेत. काम काहीच नाही आणि तरी चाळीस टक्क्यांच्या वर वीज खाते? कपॅसिटर लावला तर हा करंट उतरेल का? (विद्यार्थी, सांगली)

उत्तर : करंट खाते, वीज नाही. रिकाम्या मोटरचा बहुतेक करंट आतलं चुंबकत्व उभं करण्यात जातो, आणि तो मीटरच्या युनिटांत जवळजवळ येत नाही. तेव्हाचा पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटचा खरं काम करणारा वाटा, ०.१२ धरला, तर १.७३२ × ४१५ × ३.२ × ०.१२, म्हणजे पावणेतीनशे वॅट. फुल लोडला हीच मोटर सव्वाचार किलोवॅटच्या पुढं असते. म्हणून अर्धा करंट दिसला की अर्धं लोड, हा हिशोब वहीत लिहू नकोस. फुल लोडच्या जवळ ॲम्पिअर खरं सांगतो, खाली खाली तो फसवतो. रिकामा करंट मात्र प्रत्येक मोटरचा लिहून ठेव. वायंडिंग करून आल्यावर तोच आकडा दीडपट झाला, तर वेढे कमी भरलेत असा पहिला संशय घ्यायचा.

कपॅसिटरचंही विचारलं आहेस. स्टार्टरच्या आधी कपॅसिटर लावला की त्याच्या मागच्या लाईनमधला करंट उतरतो. मोटरच्या वायरीत जेवढा होता तेवढाच राहतो. टेस्टर कुठं लावलास ते आकड्याशेजारी लिही.

प्रश्न : आमचा डीपी लाईनच्या शेवटाला आहे. मोटर ५ एचपी, प्लेट ७.५. तीन वायरींत ७.९, ९.६ आणि ५.८ आले. प्लेटशी कोणता आकडा ताडायचा? सरासरी काढू का? (शेतकरी, जत)

उत्तर : सरासरी नको. ज्या वायंडिंगमधून जास्त जातं ते जळतं, त्याला शेजारचं थंड असल्याचा काही उपयोग नाही. ९.६ धरा आणि आज रात्री मोटर लावू नका.

तुम्ही दिलेली व्होल्टेजं ३९२, ४०१ आणि ३७४ अशी आहेत. सरासरी ३८९, सगळ्यात मोठी तफावत १५ व्होल्टची, म्हणजे चार टक्क्यांच्या आत-बाहेर. दिसायला किरकोळ. पण तीन फेजच्या मोटरमध्ये व्होल्टेजची एक टक्का तफावत करंटमध्ये सहा ते दहा टक्के होऊन उतरते. तुमच्या करंटची तफावत पंचवीस टक्के आहे, हिशोबात बसते.

तरी दोष लाईनचा की मोटरचा हे पक्कं करा. मेन स्विच बंद करून, स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर पुढं सरकवा : पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी तिसरी, तिसरीच्या जागी पहिली. अशानं मोटर उलटी फिरत नाही. पुन्हा मोजा. जास्त करंट त्याच फेजवर राहिला तर दोष लाईनचा आहे. वायरीबरोबर सरकला तर वायंडिंग उघडावं लागेल. लाईनचा निघाला तर आधी आपल्या हद्दीतले किटकॅट फ्यूज, सांधे, स्टार्टरचे काँटॅक्ट बघा. तिथं काही नसेल, तर तिन्ही फेजची व्होल्टेजं तारीख-वेळेसह लिहून वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

तिन्ही वायरींत करंट सारखाच चढला असता, तर गोष्ट वेगळी होती. व्होल्टेज ३४५ वर आलं आणि पंपाचं ओझं तेच राहिलं, तर ७.५ चे ९ होतात. अशा वेळी 'लाईटच कमी आहे' म्हणून रिले १० वर फिरवणारे बरेच. व्होल्टेज का उतरलं याच्याशी वायंडिंगला देणंघेणं नाही, तिला ९ ॲम्पिअरची उष्णता सोसावी लागते.

प्रश्न : मोटरची प्लेटच नाही. मालक म्हणतो साडेसात एचपी आहे. रिले कितीवर लावू? (वायरमन, कवठेमहांकाळ)

उत्तर : ४१५ व्होल्टच्या साध्या मोटरला एचपीची दीडपट हा अंदाज चालतो : ५ ला साडेसात, साडेसातला अकरा, १० ला चौदा-पंधरा. पाणबुडीला हा अंदाज थोडा कमी पडतो. पण मालकाच्या म्हणण्यावर जाऊ नका. साडेसातची म्हणून आणलेली मोटर आम्ही उघडतो आणि आत पाचचं लोखंड निघतं, असं नवल नाही. फ्रेमची उंची मोजा, म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर. १३२ मिलिमीटर असेल तर साडेसात शक्य आहे. ११२ असेल तर चार पोलच्या (साधारण १४५० आरपीएमच्या) मोटरला पाच धरा आणि रिले साडेसातवरच ठेवा.

पुन्हा कधी ती मोटर वायंडिंगला गेली, तर वायंडिंगवाल्याकडून एचपी, व्होल्ट, जोडणी, रिकामा करंट आणि फुल लोडचा करंट लिहून घ्या आणि पत्र्याच्या तुकड्यावर पंच मारून तो तुकडा टर्मिनल बॉक्सच्या झाकणाला आतून रिव्हेट करा. बाहेरून लावलात तर कुणीतरी रंग मारेल.